हैबतीचे अपील

फार वर्षांपूर्वी एका संस्थानात हैबती नावाचा नावाडी होता. गावच्या घाटावरून तो लोकांना नदीपलीकडे नेई. माणूस सचोटीचा, पण राग नाकाच्या शेंड्यावर.

एकदा शेजारच्या इनामदाराने त्या घाटावर हक्क सांगितला. खटला तालुक्याच्या न्यायाधीशाकडे गेला. घाट गावाचा आहे असे लिहिलेली जुनी सनद हैबतीने पुढे ठेवली. न्यायाधीशाने ती उघडूनसुद्धा पाहिली नाही आणि घाट इनामदाराला देऊन टाकला. निकाल उघड उघड चुकीचा होता. मात्र राजधानीच्या मोठ्या न्यायालयात तीस दिवसांच्या आत अपील करता येत होते.

हैबतीची बायको सगुणा म्हणाली, "अहो, अपिलाला काय काय लागतं ते आधी नीट विचारून घ्या."

"विचारायचं काय त्यात? मी खरा आहे, एवढं पुरे!"

पहिले बारा दिवस त्याने भेटेल त्याला निकाल कसा चुकीचा आहे हे सांगण्यात घालवले. मग अर्ज लिहून घेऊन, दोन दिवस चालून तो राजधानीत पोचला. न्यायालयाचे कारकून दाजीबा यांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"निकालाची नक्कल कुठे आहे?"

"नक्कल कशाला? मला निकाल तोंडपाठ आहे!"

"तोंडपाठ चालत नाही. नक्कल जोडा. आणखी एक..."

पुढचे ऐकायला हैबती थांबला असेल तर शपथ! तणतणत तो तालुक्याला गेला, नक्कल घेतली आणि विसाव्या दिवशी परत आला.

"अर्जावर तुमचा अंगठा नाही," दाजीबा म्हणाले. "इथेच उठवा. शिवाय..."

"बारा गावं मला ओळखतात, आणि तुम्हाला अंगठा हवा?" अर्ज हिसकावून तो घरी निघून आला. शाई समोर होती, अंगठा हाताला होता. आता अशा माणसाला काय म्हणावे!

सगुणाने डोक्याला हात लावला. तिने त्याच्याकडून अंगठा उठवून घेतला आणि त्याला पुन्हा पाठवले. तो सव्विसावा दिवस होता.

या वेळी दाजीबांनी पूर्ण अर्ज वाचला. "चार पानं लिहिलीत. न्यायाधीश आळशी, न्यायाधीश झोपाळू. पण त्यांच्या निकालात चूक कोणती, ते एका ओळीतही नाही. सनद पाहिली नाही, एवढं लिहा. मी इथेच कागद देतो."

"चार पानांतून तुम्हाला कळत नसेल, तर एका ओळीतून काय कळणार?" असे ओरडून हैबती पुन्हा घरी गेला.

घरी राग निवल्यावर त्याने ती एक ओळ लिहून घेतली. तो न्यायालयात पोचला तेव्हा बत्तिसावा दिवस उजाडला होता. आता अर्जात काहीच कमी नव्हते. दाजीबांनी त्याला थेट मोठ्या न्यायाधीशांपुढे नेले.

न्यायाधीशांनी नक्कल वाचली, सनद वाचली. "हैबती, तुझं म्हणणं खरं दिसतं. पण मुदत परवाच संपली. आजारी होतास का? नदीला पूर होता? तसं काही कारण असेल तर उशीर माफ करता येतो."

एक खोटा शब्द पुरला असता. हैबतीची मान खाली गेली. "नाही सरकार. मी रागात होतो."

न्यायाधीश दाजीबांकडे वळले. "सगळं पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही यांना?"

"सांगत होतो सरकार. पहिलं वाक्य संपायच्या आत हे दाराबाहेर असायचे."

"पण सरकार, दोन दिवसांत खरं खोटं होतं का?" हैबतीने कळवळून विचारले.

"होत नाही. पण तुला दोन दिवस दिले, तर उद्या इनामदाराला दोन वर्षं कशी नाकारू? मुदत दोघांना सारखीच."

अपील फेटाळले गेले. इनामदाराने घाटाला कुंपण घातले. गावातल्या बायाबापड्यांना पलीकडे जायला दोन कोसांचा वळसा पडू लागला. हैबतीला कोणी एका शब्दानेही बोलले नाही. तेच त्याला सर्वांत जास्त लागले.

तात्पर्य इतकेच: आपली बाजू खरी असली, तरी ती योग्य रीतीने आणि मुदतीत मांडावी लागते; रागाच्या भरात नियम ऐकून न घेणारा माणूस जिंकण्यासारखा खटलाही हरतो.