खंड्याचे हातचे गेलेले डाव

फार पूर्वी खंड्या पक्षी आपल्या फांदीवरूनच दूरदूरच्या रानांतल्या पक्ष्या-प्राण्यांशी बुद्धिबळ खेळायचा. पाकोळ्या चालींची ने-आण करायच्या. तो बहुतेक डाव जिंकायचा, पण पुढे पुढे जिंकत आलेले डावही हातचे जाऊ लागले.

"मावशी, असं का होतं, बघता का जरा?" त्याने घोरपडीला विचारलं.

घोरपडीने त्याचे डाव सावकाश पुन्हा मांडून पाहिले. "तुझे घोडे सुरेख चालतात. हल्ला कुठून करायचा, हे तुला चटकन दिसतं. पण समोरचा जेव्हा..."

"कळलं. हल्लाच वाढवतो," म्हणत खंड्या उडालासुद्धा.

फांदीवर पोचल्यावर तो थबकला आणि परत आला. "पुढे काय म्हणत होतात?"

"हेच," घोरपड म्हणाली. "पटावरही समोरच्याचं पुरतं ऐकायच्या आत तू उडालेला असतोस."