बाराच्या ठोक्याची गाडी

देखरेख मंडळाच्या अध्यक्षांना तोंडावर सांगतो: तुम्हाला गाडीवर लक्ष ठेवायला बसवलं होतं, तुम्ही तरसाची राखण केलीत. त्यात करवंदीचा रावजी साळिंदर मेला. हा आरोप आहे, अफवा नाही. खाली सगळं क्रमानं लिहितो. पोरांच्या गोष्टीसारखं सोपं लिहितो, म्हणजे मंडळाच्या सभासदांना अवघड जायला नको.

तर, डोंगराच्या पायथ्यापासून राजधानीपर्यंत एक जंगल पसरलं होतं आणि त्या जंगलात एकच गाडी होती. रूळ सरकारचे, डबे सरकारचे, ओढायला एक सरकारी हत्ती. वाटेत सात थांबे. थांबा म्हणजे काय, एक दगड आणि एक झाड. ज्याला जायचं असेल त्यानं रुळाकडेला उभं राहून पळसाची फांदी वर धरायची. फांदी दिसली की हत्ती थांबायचा. कोणी म्हातारं असलं तर सोंडेनं उचलून आत ठेवायचा. तिकीट गाडीतच मिळायचं. ही पद्धत कुठल्याच कागदावर नव्हती, म्हणून ती नीट चालली होती. हत्ती राजधानीत कधी एकला पोचायचा, कधी दोनला. करवंदीतल्या कुणाची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार राजधानीतल्यांची होती, ज्यांना करवंदीला कधी जायचंच नव्हतं.

मग निवडणूक आली. सिंहमहाराज निवडणुकीला एकटेच उभे राहत, तरी प्रचार मात्र जिवाच्या आकांतानं करत.

"बंधूंनो, भगिनींनो," महाराज म्हणाले, "आणि ज्यांची शिकार अजून व्हायची आहे अशा माझ्या लाडक्या मतदारांनो. जग कुठल्या कुठं गेलं आणि आपला हत्ती अजून फांद्या बघत थांबतोय. मी तुम्हाला शब्द देतो. बाराच्या ठोक्याला गाडी राजधानीत. एकच ध्यास, वेगवान प्रवास."

माकडांनी घोषणा उचलली. निवडून आल्यावर महाराजांनी हत्तीला शाल देऊन घरी पाठवलं आणि गाडी वीस वर्षांच्या करारानं तरसशेठना चालवायला दिली. तरसशेठना वाहतुकीचा अनुभव होता. मेलेली जनावरं ओढून नेण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हत्तीच्या जागी त्यांनी सहा गाढवं रोजंदारीवर जुंपली.

शेठवर नजर ठेवायला देखरेख मंडळ नेमलं. अध्यक्षपदी घारबाई. मैलभर उंचावरून गवतातला उंदीर हेरणारी नजर, याहून लायक कोण असणार. कराराचा मसुदा शेठनंच आणून दिला, कारण मंडळाकडे अजून दौत आली नव्हती. त्यात महत्त्वाचं कलम एकच होतं: दुपारी बाराचा ठोका पडेल तेव्हा गाडी राजधानीच्या स्थानकात हजर असावी. घारबाईंनी स्थानकातल्या सावरीच्या झाडावर बैठक मांडली. शेजारीच शेठचं उपाहारगृह होतं. अध्यक्षांना रोज ताजं काळीज तिथूनच जायचं, पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही असं मंडळानं लेखी कळवलेलं आहे.

पहिल्या आठवड्यात गाडी रोज उशिरा आली. शेठनी कारण शोधून काढलं. "बाईसाहेब, उशीर गाडीमुळे होत नाही. थांबण्यामुळे होतो. आणि थांबावं लागतं प्रवाशांमुळे."

"मग?"

"मग प्रवाशांना थोडी शिस्त लावू."

दुसऱ्या दिवसापासून गाडी सातही थांबे सोडून धावू लागली. बाराच्या आधी दहा मिनिटं हजर. घारबाईंनी वहीत लिहिलं, वेळेवर. महाराजांनी ढोल वाजवले.

करवंदी हा पहिलाच थांबा. तिथं रावजी साळिंदर आणि त्याची बायको गोजरा राहायची. रावजीला दर तिसऱ्या दिवशी रक्त गाळून घ्यावं लागे आणि सगळ्या जंगलात ते काम एकटं राजधानीतलं अस्वल वैद्य करी. गोजरा फांदी घेऊन उभी राहिली. गाडी आली आणि गेली.

"दिसली नसंल त्यांना," रावजी म्हणाला.

"एवढंसं फूल दिसायचं हत्तीला. ही अख्खी फांदी हाय."

"गाढवं हायती, गोजरे. त्यांना झापडं लावल्यात."

शेवटी शेजारच्या दोन भेकरांनी रावजीला झोळीत घातलं आणि रानवाटेनं दोन दिवसांत राजधानीत पोचवलं. वैद्यानं कसंबसं वाचवलं. म्हणालं, "बाई, असा उशीर परत झाला तर माझ्याकडे आणू नका. उपयोग नाही."

गोजरा तडक मंडळाच्या तक्रार खिडकीवर गेली. आत बगळा एका पायावर उभा होता. दुसरा पाय रजेवर होता.

"तिकीट दाखवा."

"गाडीच थांबली नाही, तिकीट कुठलं?"

"म्हणजे तुम्ही प्रवास केला नाही."

"न्हाई ना. त्येच सांगतेय."

"मग तुम्ही प्रवासी नाही. मंडळ फक्त प्रवाशांच्या तक्रारी घेतं."

"अन् ज्याला चढूच दिलं न्हाई त्यानं कुटं जायाचं, भाऊ?"

"त्यांच्यासाठी वेगळं मंडळ नेमायचा विचार आहे. पण आधी तशी मागणी आहे का ते बघावं लागेल."

"मी काय करतेय मग?"

"तुमची तक्रार दाखल झाली असती तर मागणी दिसली असती," बगळा म्हणाला आणि त्यानं मान पिसांत घातली.

इकडे वैद्याच्या गुहेत जागा तीनच. चौथा रोगी आला की पहिल्यानं घरी जायचं. रावजीचा घरी जायचा नंबर लागला त्याच दिवशी मंडळाची अचानक पाहणी होती. अचानक असल्यामुळे तिची दवंडी पंधरा दिवस आधी पिटली होती. गाडीला तोरणं, गाढवांना झुली, डब्यात खिडकीपाशी भाड्यानं आणलेली हसरी माकडं. परतीच्या वाटेवर गाडी सातही थांब्यांना थांबली. आपल्या बोलण्याचा गुण आला, असं गोजराला वाटलं. खिडकीवर जाऊन बोललं की साहेबलोकांना कळतं, यावर करवंदीच्या लोकांचा फार विश्वास.

डब्यात घारबाईंनी तिला स्वतः विचारलं. "सेवेबद्दल समाधानी की अतिशय समाधानी?"

"आज थांबली बाईसाब. तुमी हायसा म्हणून थांबली. परवा या."

"परवा मला सत्काराला जायचंय. काय म्हणालात, थांबली?"

"आज."

"थांबली," घारबाईंनी लिहिलं. नवरा-बायको करवंदीला उतरली. माकडांनी टाळ्या वाजवल्या.

पाहणी संपल्यावर शेठ हिशेबी डोक्यानं विचार करू लागले. गाडी कुठंच थांबत नाही, म्हणून तीत कोणी नसतं. कोणी नसतं, तर ती पळवायची कशाला? गाढवं दमतात. करार म्हणतो, बाराला गाडी स्थानकात हजर असावी. ती कुठून यावी, असं करार म्हणत नाही. शेठनी गाढवं सोडून दिली आणि गाडी राजधानीच्या स्थानकात उभी करून ठेवली. चाकांखाली दगड लावले.

दुसऱ्याच दिवसापासून रोज बाराचा ठोका पडायचा. घारबाई झाडावरून खाली बघायच्या. गाडी हजर. त्या लिहायच्या, जाण्याची फेरी वेळेवर, येण्याची फेरी वेळेवर. सगळ्या जंगलांत असला पराक्रम कुणी केला नव्हता. पाहणीनंतर दोनच दिवसांनी महाराजांनी दरबार भरवला. "पूर्वी गाडी बाराला येते का बघायला लोक उन्हात उभे राहायचे," ते म्हणाले. "आज ती बाराच्या आधीच आलेली असते. काल आलेली असते." त्याच दरबारात शेठचा करार आणखी वीस वर्षांनी वाढवला. घारबाईंचा सत्कारही तिथंच झाला.

त्याच सकाळी करवंदीला गोजरा फांदी धरून उभी होती. रावजी दगडाला टेकून बसला होता. त्याचे पाय सुजून काट्यांच्या मुळाशी कातडी ताणली होती. ऊन चढलं. आज गाडी न थांबता जाईल याचीसुद्धा चिन्हं दिसेनात.

"रानवाटेनं दोन दीस," थोरलं भेकर म्हणालं. "रुळावरनं सरळ गेलो तर दीड."

"मागनं गाडी आली म्हंजे?"

"आली तर बरंच की काकी. आडवं पडून थांबवू."

चौघं रुळावरून निघाली. दोघांच्या खांद्यावर झोळी, गोजरा मागं फांदी घेऊन. दर शंभर पावलांना ती मागं वळून बघायची. पहिला दिवस गेला. रावजी मधूनमधून विचारायचा, "आली का गं?" दुसऱ्या सकाळी, सहाव्या थांब्याच्या अलीकडे, त्यानं विचारणं बंद केलं.

सत्काराहून परतताना घारबाईंनी रुळांवरची ही चौघं आभाळातून स्वच्छ पाहिली होती. महिन्याभरात करवंदीला नोटीस आली. रुळांवरून विनापरवाना चालणे. धावत्या गाडीस अडथळा करणे. समक्ष हजर राहून खुलासा करावा. सोबत मंडळाचा वार्षिक अहवाल जोडला होता, त्यात लिहिलं होतं की मार्गावर एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. ते खरंच होतं. रावजीकडे तिकीट नव्हतं.

गोजरा चालत राजधानीत गेली. बगळ्याला तिला परत पाठवता येईना, कारण आता तिच्याकडे मंडळाचाच कागद होता. वर झाडावर घारबाई जेवत होत्या.

"खुलासा द्या," बगळा म्हणाला. "रुळावर होता का?"

"व्हय. दीड दिवस."

"म्हणजे गुन्हा कबूल."

"कबूल. आता तुमची वही काढा. त्या दोन दिवसांचं पान बघा. काय लिवलंय?"

बगळ्यानं वही उघडली. सवयीनं मोठ्यानं वाचलं. "पहिला दिवस, दोन्ही फेऱ्या वेळेवर. दुसरा दिवस, दोन्ही फेऱ्या वेळेवर."

"चार फेऱ्या," गोजरा म्हणाली. "रूळ एकच. आमी चौघं त्याच्यावर. मी मागं बघत व्हते, पोरं म्होरं बघत व्हती, अन् झोळीतला वर बघत व्हता."

बगळ्यानं दुसरा पाय खाली टेकवला. वर झाडावर चोच थांबली.

"मग बाईसाब, तुमची गाडी गेली कुटनं?"

खिडकी बंद झाली. त्याला तीन महिने झाले. बाई अजून तिथंच उभी आहे आणि तिच्यामागं बाकीच्या सहा थांब्यांची माणसं येऊन उभी राहिली आहेत. मंडळानं कळवलंय की प्रश्न तांत्रिक आहे.

तो तांत्रिक नाही. अध्यक्षबाई, चार फेऱ्यांखाली सही तुमची आहे. गाडी कुठून गेली, ते सांगा.