सगुणाबाईंच्या पुड्या

पटवेकऱ्यांच्या आळीत सगुणाबाई राहत. रेशमी दोऱ्यात मणी ओवून दागिने गाठून देण्याचं काम त्या चाळीस वर्षं करत होत्या. उन्हानं रेशमाचा रंग उडतो, म्हणून दिवसभर आतल्या खोलीत दिव्याखाली बसत. हात फार नेटका, पण स्वभाव हट्टी. "मला कुणी शिकवू नका," असं त्या उठता-बसता म्हणत.

एका हिवाळ्यात त्यांची बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना. सून मालन त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर सामंतबाईंनी रक्त तपासलं आणि समजावून सांगितलं, "जंतूंशी लढायला रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. तुमच्या रक्तातली काही प्रतिपिंडं तुमच्याच सांध्यांवर उठली आहेत. शिवाय तुम्ही उन्हात जात नाही, त्यामुळे ड जीवनसत्त्वही फार कमी झालंय."

त्यांनी सांध्यांसाठी पिवळ्या गोळ्या दिल्या, रोज दोन. ड जीवनसत्त्वाची पुडी दिली, आठवड्यातून एक, दुधातून. "पुडीनं हाडांना बळ येईल," त्या म्हणाल्या, "पण सांध्यांचा आजार आवरायला गोळ्याच हव्यात."

पिवळ्या गोळ्यांनी सगुणाबाईंना मळमळायचं. पुडी मात्र गोड होती, आणि दोन-तीन पुड्यांनंतर अंगदुखी कमी झाली. सगुणाबाईंनी मनाशी ठरवलं, खरं औषध हेच. आठवड्याला एका पुडीनं इतका गुण, तर रोज घेतली तर किती!

मालन रोज न चुकता गोळ्या हातावर ठेवी. सासूबाई त्या तोंडात टाकल्यासारखं करत आणि मागच्या मोरीत सोडून देत. पुड्या मात्र त्या स्वतः मेडिकलमधून आणून रोज एक घेत. असे तीन महिने गेले.

मग त्यांची भूक गेली. सारखी तहान लागे, उलट्या होत, बोटंही पुन्हा सुजली. मालननं घाबरून त्यांना दवाखान्यात भरती केलं.

रक्ताचा रिपोर्ट पाहून सामंतबाईंचा चेहरा गंभीर झाला. "मूत्रपिंडं थकली आहेत. गोळ्या वेळेवर चालू असताना सांधेही सुजलेत. म्हणजे आजार आत पसरला असावा. उद्या मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायला पाठवू, आणि फार कडक औषध सुरू करावं लागेल." मग त्या मालनकडे वळल्या. "गोळ्या नक्की देत होतात ना?"

"माझ्या हातानं देत होते, डॉक्टर," मालन म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "तरी माझंच काही चुकलं असेल. खाण्यापिण्यात कमी पडले असेन."

सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सुनेदेखत चूक कबूल करायची म्हणजे इतक्या वर्षांचा ताठा मोडायचा. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण मालनचे हुंदके त्यांना ऐकवेनात. त्या कशाबशा उठून बसल्या.

"तिला बोलू नका," त्या म्हणाल्या. "तिनं दिलेल्या गोळ्या मी मोरीत टाकल्या. आणि पुडी रोज घेतली."

"रोज? किती दिवस?"

"तीन महिने."

 सामंतबाईंनी तातडीनं रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगितलं. ते भलतंच वाढलं होतं. रिपोर्ट हातात येताच त्या खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला.

"बरं झालं सांगितलंत! आजार आत पसरलेला दिसत नाही. जास्तीच्या पुड्यांनी रक्तात कॅल्शियम वाढलं, त्यानंच मूत्रपिंडं थकली आणि उलट्या झाल्या; सांधे गोळ्या बंद झाल्यानं सुजलेत. तुकडा काढायची गरज नाही. पुड्या आजपासून बंद, सलाईन लावू. सांगितलं नसतंत, तर मी नसलेल्या आजाराला कडक औषध देत बसले असते."

आठवडाभरात उलट्या थांबल्या, मूत्रपिंडं सावरली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मळमळ होते म्हटल्यावर सामंतबाईंनी त्या जेवणानंतर घ्यायला सांगितल्या, आणि मळमळ निम्म्यानं उतरली. एवढं विचारायला सगुणाबाईंना तीन महिने लागले होते!

पुढे पावसाळा सरता सरता सूज ओसरली. प्रतिपिंडं रक्तात होतीच, पण सांधे शांत होते. घरी तपासणीचा कागद आला तेव्हा सगुणाबाईंनी तो मालनच्या हातात दिला. "तूच वाच बाई, आणि मला नीट समजावून सांग," त्या म्हणाल्या. मालन हसत हसत त्यांच्या शेजारी बसली.

तात्पर्य: औषध कितीही चांगलं असलं तरी ते सांगितलं तेवढंच घ्यावं, आणि आपल्या हातून चूक झाली तर ती डॉक्टरांपासून लपवू नये. चूक वेळेवर सांगणाराच वाचतो, आणि त्याच्या माणसांच्या जिवाचा घोरही टळतो.