झुबकी खारीचा लाल मोजा

ऐका हं. मांडी घाला, तोंडातलं बोट काढा, आणि ऐका.

एक होती खार. इवलीशी. शेपटी मात्र हीऽऽ एवढी झुबकेदार! म्हणून तिचं नाव झुबकी.

झुबकी राहायची विमलआत्याच्या मागच्या गॅलरीत. तिथे एका खिळ्याला लटकत होता एक लाल मोजा. लोकरीचा मोजा. अंगठ्याशी भोक असलेला मोजा. त्यात झुबकीने ठेवले होते चिंचोके. एक, दोन, तीन. दुपार झाली की झुबकी मोज्यात शिरायची. भोकातून नाक बाहेर काढायची. डोळे मिटायची. घुर्रर्र... घुर्रर्र... मोज्याशिवाय तिला झोपच यायची नाही. साधी डुलकीसुद्धा नाही!

एका दुपारी झुबकी पेरू खाऊन परत आली. सुर्रर्र सुर्रर्र वर चढली. बघते तर काय? खिळा आहे, मोजा नाही!

कुठे गेला मोजा? इकडे नाही. तिकडे नाही. गॅलरीतल्या कपडे धुण्याच्या मशीनला होती एक गोल काच. काचेमागे होतं पाणी. आणि पाण्यात होता मोजा!

झालं होतं काय, तर विमलआत्याला मोजा दिसला. आत्या म्हणाली, "अगंबाई! हा तर शमीबाळाचा हरवलेला मोजा! केवढा मळलाय!" आणि दिला टाकून मशीनमध्ये. मशीन फिरलं गरगर गरगर. मग म्हणालं, घुंऽऽ... घुंऽऽ... खट्ट! बसलं ठप्प होऊन. नुसता लाल दिवा लागला. टिंग टिंग, टिंग टिंग.

झुबकी गेली मशीनकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"मशीनबाई, मशीनबाई, दार उघड!
माझा मोजा मिळेना,
आणि मला झोप येईना!"

मशीनबाई म्हणाली, "बुडबुड बुडबुड! पोटात माझ्या पाणीच पाणी. दार कसं उघडू? पाइप पाणी सोडेल, तर मी दार उघडीन. तोवर नाही म्हणजे नाही!"

झुबकी गेली पाइपकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"पाइपदादा, पाइपदादा, पाणी सोड!
मशीन दार उघडेना,
माझा मोजा मिळेना,
आणि मला झोप येईना!"

पाइपदादा म्हणाला, "फुस्स फुस्स! माझ्याकडे पाणी आलं तर सोडीन ना! जाळीत काहीतरी अडकलंय. जाळी मोकळी होईल, तर मी पाणी सोडीन. तोवर नाही म्हणजे नाही!"

झुबकी गेली जाळीकडे. जाळी राहायची मशीनच्या पायाशी, एका झाकणाच्या आत. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"जाळीताई, जाळीताई, मोकळी हो!
पाइप पाणी सोडेना,
मशीन दार उघडेना,
माझा मोजा मिळेना,
आणि मला झोप येईना!"

जाळीताई म्हणाली, "ऊंऽऽ ऊंऽऽ! घशात माझ्या अडकलंय काहीतरी. गोल गोल आहे, टणक टणक आहे. आत्या झाकण फिरवेल, तर मी मोकळी होईन. तोवर नाही म्हणजे नाही!"

झुबकी गेली आत्याकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

आत्या काय करत होती? मशीनच्या पाठीत धपाटे घालत होती. धप्प! धप्प! आत्या म्हणत होती, "आमचा जुना टीव्ही दोन धपाट्यांत सुरू व्हायचा. मग हिलाच काय धाड भरलीय?"

"आत्या, आत्या, झाकण फिरव!
जाळी मोकळी होईना,
पाइप पाणी सोडेना,
मशीन दार उघडेना,
माझा मोजा मिळेना,
आणि मला झोप येईना!"

आत्याचा हात वरच्या वर थांबला. "अस्सं होय! जाळी तुंबलीय! आणि मी बापडी उगाच धपाटे घालतेय! पण ते बारकं झाकण मला दिसायला नको? चष्मा माझ्याकडे येईल, तर मी झाकण फिरवीन. तोवर नाही म्हणजे नाही!"

झुबकी गेली चष्म्याकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"चष्मेबुवा, चष्मेबुवा, आत्याकडे जा!
आत्या झाकण फिरवेना,
जाळी मोकळी होईना,
पाइप पाणी सोडेना,
मशीन दार उघडेना,
माझा मोजा मिळेना,
आणि मला झोप येईना!"

चष्मेबुवा म्हणाले, "कसा जाऊ? मी शमीबाळाच्या मुठीत! एक काच चाटून झाली, आता दुसरी चाटतेय! शमी मला सोडेल, तर मी आत्याकडे जाईन. तोवर नाही म्हणजे नाही!"

शमीबाळ बसली होती मशीनसमोर. गाल फुगवून. नाक लाल करून. रोज ती मशीनमध्ये कपडे फिरताना बघायची. आज कपडे फिरतच नव्हते. म्हणून शमी रुसली होती.

"शमीबाळ, शमीबाळ, चष्मा सोड!
चष्मा आत्याकडे जाईना,
आत्या झाकण फिरवेना,
जाळी मोकळी होईना,
पाइप पाणी सोडेना,
मशीन दार उघडेना,
माझा मोजा मिळेना,
आणि मला झोप येईना!"

शमीबाळ म्हणाली, "नाई! आधी गलगल! गलगल बघीन, मग चत्मा सोलीन!"

गरगर? गरगर कोण फिरणार? झुबकी परत गेली मशीनकडे. आता टुणुक टुणुक नाही. दमली होती बिचारी. टुण... टुण... टुण...

"मशीनबाई, मशीनबाई, गरगर फिर!
शमी चष्मा सोडेना,
चष्मा आत्याकडे जाईना,
आत्या झाकण फिरवेना,
जाळी मोकळी होईना,
पाइप पाणी सोडेना,
मशीन दार उघडेना,
माझा मोजा मिळेना,
आणि मला झोप येईना!"

मशीनबाई म्हणाली, "बुडबुड बुडबुड! पोटात माझ्या पाणीच पाणी. गरगर कशी फिरू? पाइप पाणी सोडेल, तर मी गरगर फिरेन!"

घ्या! पुन्हा पाइप! पुन्हा जाळी! पुन्हा आत्या! झुबकीने कपाळाला हात लावला. तिला रडूच आलं. काचेमागे मोजा होता. इतका जवळ होता, पण हाताला येत नव्हता.

रडता रडता झुबकीला दिसली शेपटी. स्वतःचीच शेपटी. झुबकी एकदम उठली. "मशीन फिरत नाही ना? मग मीच फिरते!"

झुबकी धावली शेपटीमागे. शेपटी पळाली झुबकीपुढे. गरगर गरगर! गरगर गरगर! खार कुठली, शेपटी कुठली, काही कळेना! फिरली, फिरली, आणि बदकन बादलीत पडली!

शमीबाळ हसली. खीऽऽ खीऽऽ खीऽऽ! टाळ्या वाजवायला दोन्ही मुठी उघडल्या, आणि मग काय विचारता!

शमीने चष्मा सोडला. टप्प!
चष्मा आत्याकडे गेला. सर्रर्र!
आत्याने आधी मशीनचं बटण बंद केलं. खट्ट! खाली परात ठेवली. मग झाकण फिरवलं. किर्र किर्र! थोडं पाणी परातीत, बरंचसं आत्याच्या साडीवर.
जाळी मोकळी झाली. हुश्श!

जाळीतून काय निघालं? केसांचा गुंता. शर्टाचं एक बटण. आणि तीन चिंचोके. एक, दोन, तीन!

"हे चिंचोके कुणाचे गं?" आत्याने चष्म्यावरून पाहिलं.

झुबकी आभाळाकडे बघत म्हणाली, "आज ऊन किती छान पडलंय, नाही?"

आत्याने जाळी धुतली. परत बसवली. झाकण घट्ट लावलं. बटण चालू केलं.
पाइपने पाणी सोडलं. घळघळ घळघळ!
मशीनने दार उघडलं. टक्क!

निघाला एकदाचा मोजा! स्वच्छ, लालचुटुक. आत्याने पिळला, उन्हात वाळवला, आणि घातला शमीच्या पायात. "हा बघ आमच्या शमूचा मोजा!"

झुबकी हळूच मागे सरली. कोपऱ्यात जाऊन बसली. शेपटी जमिनीवर पडली. मोजा शमीचाच होता ना आधी! आता मागायचा कसा?

शमीने पायाकडे पाहिलं. भोकातून अंगठा बाहेर आला होता. शमीने झुबकीकडे पाहिलं. मग मोजा ओढला, ओढला, फट्कन काढला, आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

"घे, खालू. तुजा."

खिळा तिथेच होता. मोजा पुन्हा लटकला. चिंचोके गेले एका डबीत. आत्याने बजावलं, "आता मोज्यात फक्त खार!" झुबकी मोज्यात शिरली. भोकातून नाक बाहेर काढलं. डोळे मिटले. घुर्रर्र... घुर्रर्र...

मशीन फिरलं गरगर, खार झोपली घुरघुर, आता तुम्हीही मिटा डोळे, चला भरभर!