बुरुजवालीतली उडी

"चूक ती चूकच ना, मास्तर? इतकी वर्षं वाजवली म्हणून ती बरोबर होते का?"

भालेराव मास्तर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे हर्षलच्या हातावर ठेवले.

"खा."

"मी भांडायला आलोय."

"मग तर खाच. उपाशी माणसाचं भांडण लवकर संपतं."

हर्षलने दाणे तोंडात टाकले. खांद्यावरची पिशवी मात्र खाली ठेवली नाही.

इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. ते घाटात इंजिन चालवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी कॉलनीतल्या पोरांना गिटार शिकवायचे. हर्षल गांगुर्डे त्यातलाच एक. आता नाशिकला त्याचा स्वतःचा क्लास होता. त्याची बोटं मास्तरांच्या बोटांपेक्षा कितीतरी जलद चालायची, आणि हे त्याला माहीत होतं. मास्तरांची बोटं तर अलीकडे नीट वळतही नव्हती.

भांडण एका एलपीवरून, एका जुन्या तबकडीवरून होतं.

ती विलायती हार्ड रॉकची एलपी होती. कव्हरवर धुक्यातला काळा डोंगर, डोंगरावर बुरुज, बुरुजाला वेटोळं घालून झोपलेला ड्रॅगन. नाव काटेरी अक्षरांत होतं. ते कॉलनीत कोणाला लागलं नाही, म्हणून सगळे तिला बुरुजवाली म्हणू लागले.

कॉलनीतल्याच डेरिक अंकलनी ती तरुणपणी मुंबईहून आणली होती. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये ती पहिल्यांदा लागली तेव्हा ते बाकावर उभे होते. शेवटच्या गाण्यात गिटार अशी काही कडाडली की आनंदाने त्यांनी बाकावरून खाली उडी मारली. जमीन फळ्यांची होती. रेकॉर्ड प्लेयर हादरला, सुई घसरली आणि तबकडीवर खोल ओरखडा पडला.

तेव्हापासून त्या जागी सुई उडायची. मधलं बरंचसं गाणं ओलांडून पुढे जाऊन पडायची.

पुढे चौघांनी मिळून बँड काढला. डेरिक गायचे, मास्तर गिटारवर, सॅबी ड्रमवर, रझ्झाकभाई बेसवर. गाणी ऐकून ऐकूनच बसवली. दुसरी तबकडी कोणाकडे नव्हती. त्यामुळे ते गाणं उडीसकट बसलं.

नाताळच्या नाचाला ते गाणं हटकून व्हायचं. उडीची जागा आली की अख्खा हॉल उडी मारायचा. साडीचा काठ धरून बायका, डबल ड्यूटी करून आलेले गँगमन, म्हातारे गार्ड, पोरंटोरं. हर्षलचे वडील शंटिंगला होते. फार अबोल माणूस. सगळा कार्यक्रम भिंतीला टेकून बघायचे. पण त्या एका जागी तेही उडी मारायचे, आणि परत भिंतीला टेकायचे.

डेरिक अंकल गेल्या पावसाळ्यात वारले. येत्या रविवारी त्यांच्या आठवणीसाठी हॉलमध्ये कार्यक्रम होता. शेवटी बुरुजवालीतलं ते गाणं वाजवायचं असं ठरलं होतं. गिटार आणि गाणं, दोन्ही हर्षलकडे होतं.

आणि हर्षलला एका रेकॉर्डवाल्याकडे तीच एलपी मिळाली होती. बिनओरखड्याची.

"एक अख्खं कडवं आहे मधे," तो म्हणाला. "आपण कधी वाजवलेलंच नाही. मी ते बसवलं. काल तालमीला म्हटलं, पूर्ण वाजवू. तर सॅबी अंकलनी काठ्या खाली ठेवल्या. म्हणाले, उडी नसेल तर मी ड्रमवर बसणार नाही."

"तो तसाही बसत नाही. पेंगतो."

"मस्करी नको, मास्तर. रझ्झाकभाईपण त्यांच्याच बाजूने. तुम्ही सांगितलंत तरच ऐकतील."

"काय सांगू?"

"बरोबर काय आहे ते."

मास्तरांनी आणखी एक शेंग फोडली. ती पोचट निघाली. ती बाजूला टाकून ते म्हणाले, "आणि तू एवढा का तापलायस?"

हर्षलने खांद्यावरची पिशवी सावरली.

"नाशिकहून माझ्या क्लासची मुलं येणार आहेत. मोबाइलवर रेकॉर्ड करतील. हे गाणं जगात लोकांना पाठ आहे. म्हणतील, सरांना गाणंच येत नाही."

"म्हणजे लाज वाटते."

"…हो. वाटते."

"बरं झालं बोललास."

त्यांनी टरफलं सुपात भरली, हात झटकले.

"एक सांग, उस्ताद. त्या एलपीत आहे काय?"

हर्षलचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता. पहिल्या गाण्यात दोन गिटार एकमेकींना कशा उत्तर देतात, ड्रमचा आवाज दगडी खोलीत घेतल्यासारखा का लागतो, शेवटच्या गाण्याचा सूर मधेच कुठे खाली उतरतो… त्याने सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं. मास्तर मान हलवत ऐकत होते.

"अजून?"

"अजून काय? एवढंच आहे."

"मला बोगदा दिसायचा," मास्तर म्हणाले.

"कुठला बोगदा?"

"कसाऱ्याहून वर येताना गाडीला मागून एक इंजिन ढकलतं ना, त्यावर मी असायचो. पुढचा ड्रायव्हर दिसत नाही. धुकं असलं तर पुढचा डबाही दिसत नाही. नुसतं ढकलायचं. कोणाला ढकलतोय, माहीत नाही. बोगदा आला की वाटायचं, ड्रॅगनने तोंड उघडलंय. मग मी बुरुजवाली म्हणायचो. मोठ्याने. केबिनमध्ये ऐकतंय कोण…"

ते हसले.

"सोबतचा असिस्टंट म्हणायचा, भालेराव, हनुमान चालिसा म्हणा, याने काय होणार. मी म्हणायचो, अरे, यातपण डोंगर आहे."

हर्षलही हसला. पिशवी खांद्यावरून उतरली.

"डेरिकने गोष्ट सांगितली होती आम्हाला," मास्तर म्हणाले. "आमचं इंग्रजी कसलं. एक राजा असतो. त्याचा भाऊ बुरुजात अडकलेला. राजा एकटा डोंगर चढतो, ड्रॅगनच्या अंगावरून पाय न वाजवता जातो, दार वाजवतो. आणि मग…"

"मग उडी."

"मग उडी. आणि दोघे डोंगर उतरतात. 'आम्ही दोघे उतरतो, आम्ही दोघे घरी.' तिथे डेरिक असा काही गायचा की सॅबी रडायचा. ड्रम वाजवता वाजवता रडायचा, वेडा."

खालच्या रुळांवरून एक मालगाडी निघाली. मास्तरांनी ती शेवटच्या डब्यापर्यंत बघितली.

"तुझी ती चांगली तबकडी आणलीयेस?"

"पिशवीत आहे."

"लाव."

आतल्या खोलीत खिडकीपाशी जुना रेकॉर्ड प्लेयर होता. हर्षलने तबकडी ठेवली, सुई शेवटच्या गाण्यावर आणून सोडली. मास्तर लाकडी खुर्चीत बसले. त्यांच्या गुडघ्यांत दुखणं होतं, म्हणून त्यांनी पाय जपून जमिनीवर टेकवले.

गाणं सुरू झालं. आधी वारा, मग एकटी गिटार. मग ड्रम, दुरून कोणी डोंगर चढत येत असल्यासारखे.

मास्तरांचे डोळे मिटलेले होते. वाकडी बोटं मांडीवर हलत होती. ती कुठल्या तारेवर आहेत, ते हर्षलला नेमकं कळत होतं. लहानपणी त्याच बोटांकडे बघून तो शिकला होता.

राजा दारापाशी आला. त्याने दार वाजवलं.

उडीची जागा आली.

मास्तरांनी दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.

सुई उडाली नाही. गाणं सरळ पुढे गेलं. जे या खोलीत कधी वाजलं नव्हतं, ते वाजू लागलं. ड्रम थांबले. गिटार अगदी हळू झाली. गाणाऱ्याचा आवाज खाली आला, जवळ आला, जणू तो खोलीतच बसून बोलत होता.

मास्तरांचे पाय वरच होते.

हर्षलला वाटलं, आता ठेवतील. त्यांनी ठेवले नाहीत. गुडघे थरथरू लागले. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. डोळे मिटलेलेच. कडवं लांब होतं. हर्षलने ते घरी कितीदा ऐकलं होतं, पण इतकं लांब त्याला कधी वाटलं नव्हतं. तो पुढे झाला, त्यांच्या पायांखाली हात धरावा म्हणून. मास्तरांनी डोळे न उघडताच मान हलवली.

नको.

मग ड्रम परत आले. 'आम्ही दोघे उतरतो…' त्या जागी, जिथे सुई नेहमी येऊन पडायची, तिथे मास्तरांनी पाय खाली ठेवले.

गाणं संपलं. तबकडी नुसतीच फिरत राहिली. हर्षलने सुई उचलली.

मास्तरांनी डोळे उघडले.

"मधे काय म्हणाला तो?" मास्तरांनी विचारलं.

"दार उघडतं…" हर्षल म्हणाला. घरी त्याला हे शब्द सोपे वाटले होते. इथे ते निघेनात. "आत भाऊ असतो. पण तो… थंड पडलेला असतो. राजाला यायला उशीर झालेला असतो. राजा रडत नाही. त्याच्या केसांवरची राख झटकतो. त्याला पाठीवर घेतो."

"आणि मग दोघे उतरतात."

"हो."

"आम्हाला वाटायचं, चालत उतरतात."

"नाही, मास्तर. एकच चालतो."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर घाटाकडून धुकं वर येत होतं. कॉलनीची कौलं त्यात एकेक करून नाहीशी होत होती.

"डेरिकलाही हे माहीत नव्हतं?" हर्षलने हळूच विचारलं. 'अंकल' म्हणायचं राहून गेलं.

"कोण जाणे. आमच्यापुरतं त्याने राजाला आणि भावाला, दोघांनाही घरी आणून सोडलं होतं."

हर्षल तबकडी हातात धरून उभा होता. मोबाइल, मुलं, नाशिक, काहीच त्याच्या मनात नव्हतं.

"मास्तर…"

"हं."

"मी चूक दुरुस्त करायची म्हणून हे कडवं बसवलं होतं. खरंच. पण आता वाटतं… रविवार डेरिक अंकलचा आहे. हे कडवं त्यांच्यासाठी म्हणायलाच हवं. ते गाळून मला गाता यायचं नाही."

"मग गा."

"आणि सॅबी अंकल?"

"त्याला इथे पाठव. या खुर्चीत बसवतो. तबकडी राहू दे माझ्याकडे."

हर्षलने तबकडी कव्हरात घातली आणि प्लेयरशेजारी ठेवली. दारापर्यंत गेला. परत फिरला.

"पण उडी गेली की, मास्तर. माझ्या वडिलांनी आयुष्यात तेवढी एकच गोष्ट चारचौघांत केली. हॉलमधले सगळे त्या जागेची वाट बघत असतील. गाणं सरळ पुढे गेलं तर ते उडी कशी मारतील?"

मास्तर गुडघे चोळत होते. त्यांनी वर पाहिलं.

"मारतील रे. फक्त खाली यायला या खेपेला जरा वेळ लागेल."