दिवाणजींचा हरण्याचा हातखंडा

राजेसाहेब गंजिफा हरले! तेही नऊ वर्षांच्या स्वतःच्या मुलाकडून, भर दरबारात!

शिरंगे संस्थानाच्या तुळाजीराजांना हा अनुभव नवा होता. गंजिफाची ती गोल, दशावतारांची रंगीत पानं हातात धरल्यापासून ते कधी हरलेच नव्हते. दिवाण रंगोपंत आणि सेनापती रोज त्यांच्याशी खेळायला बसत आणि रोज हरत. पगार त्याचाच होता. राज्यकारभार फावल्या वेळात होई. त्या दिवशी सेनापतींचं पोट बिघडलं, म्हणून रिकाम्या जागेवर बाळराजे बसले आणि घात झाला.

"आबासाहेब," डाव संपता संपता पोरगं म्हणालं, "तुमच्याकडे आता वामनाचा प्रधान उरलाय. आणि वामनाचा राजा? तो माझ्याकडे!"

फट्! पान पडलं. दरबारात कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं.

"हे कुठं शिकलास?" राजेसाहेब गरजले.

"बाबल चिताऱ्याच्या घरी!"

बाबल चितारी राजवाड्यासाठी गंजिफाची पानं रंगवी. रंग फिसकटलेली पानं तो घरी ठेवी आणि जेवणं झाली की सगळं घर त्यांच्याभोवती बसे. पानं पालथी मांडायची. दोन उलटायची. बेरीज बारा झाली तर आपली, नाही तर पुन्हा पालथी. कुठलं पान कुठं होतं हे जो विसरेल, त्यानं रंगाच्या करवंट्या घासायच्या. पानं बघायला म्हणून गेलेल्या बाळराजांनी पहिला महिनाभर संस्थानातल्या सर्वाधिक करवंट्या घासल्या. मग त्यांना सगळं आठवू लागलं.

हा खेळ काढला होता बाबलच्या मुलीनं, सगुणानं. तिला तडक बोलावणं गेलं.

"पोरी," राजेसाहेब म्हणाले, "युवराजांच्या डोक्यात जे घातलंस, ते सोमवारपर्यंत काढून टाक! एक पान जरी आठवलं, तर तुझं अख्खं घर संस्थानाच्या हद्दीबाहेर!"

"डोक्यातलं काढायचं कसं, महाराज?"

"ते मला ठाऊक नाही. मी हुकूम देतो, उपाय सांगत नाही!"

रंगोपंतांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

घरी बाबलनं कुंचले गुंडाळायला घेतले. "बाय माझे, राजाच्या पोराला जिंकायला शिकवतात होय?"

"जिंकायला कुठं, बाबा? मी लक्षात ठेवायला शिकवलं. जिंकला तो आपल्या कर्तबगारीनं. कुंचले तिथंच राहू देत."

सोमवारी दरबार तुडुंब भरला. एखाद्याला हद्दपार होताना पाहायला माणसं अंघोळी उरकून वेळेवर येतात.

"काढलंस का?" राजेसाहेबांनी विचारलं.

"निघेल, महाराज. पण युवराजांहून जास्त पानं ध्यानात ठेवणारा माणूस मदतीला लागेल. तो आपल्या पदरी आहे."

"कोण?"

"दिवाणजी."

राजेसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "रंगोपंत? अगं, इतक्या वर्षांत त्यांनी एक डाव जिंकलेला नाही!"

"एकही नाही?"

"एकही नाही!"

"चुकूनसुद्धा?"

"चुकूनसुद्धा ना…" राजेसाहेबांचा शब्द तोंडातच राहिला.

"महाराज, माकडाच्या हाती पानं दिली तरी नशिबानं ते एखादा डाव मारील," सगुणा म्हणाली. "डाव न चुकता हरायचे, तर कुठलं पान कुणाकडं आहे ते सगळं पाठ हवं."

"काहीतरीच!" रंगोपंत ओरडले. "मला तर काल काय जेवलो तेही आठवत नाही!"

"असेल, असेल. वयच झालं तुमचं," सगुणा गोड आवाजात म्हणाली. "पण महाराजांचा खेळ मात्र बघण्यासारखा! परवाच्या डावाचं बाळराजांनी सांगितलं. कूर्माचा प्रधान त्यांनी कसा शेवटपर्यंत जपला!"

"कसला जपला!" रंगोपंतांना राहवेना. "दुसऱ्याच फेरीत टाकला! कूर्माचा राजा बाहेर आहे याचा पत्ताच नाही! तो माझ्याकडे होता म्हणून बरं, मी दाबून धर…"

बाकीचं वाक्य त्यांनी गिळलं. पण जे बाहेर पडलं होतं तेवढं पुरेसं होतं.

"पंत," राजेसाहेब हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मी आजवर जिंकलेले डाव…?"

"काही काही खरे असतील, सरकार," पंत पुटपुटले. "शोधावे लागतील."

राजेसाहेबांनी आपला मोर्चा पुन्हा सगुणाकडे वळवला. "पंतांचं मी बघतो. हुकूम तुला होता! युवराजांच्या डोक्यातलं काढणार की नाही?"

"डोक्यात गेलेलं निघत नाही, महाराज, लपवता मात्र येतं. दिवाणजींनी इतकी वर्षं लपवलंच ना? आपण म्हणाल तर तीच विद्या बाळराजांना शिकवते. सगळं आठवेल, तरी रोज हरतील. तुम्ही चुकलात तरी वाहवा म्हणतील. फक्त मग घरात दोन दिवाण होतील आणि युवराज एकही उरणार नाही. चालेल?"

राजेसाहेबांनी मुलाकडे पाहिलं. मग रंगोपंतांकडे. पंत सवयीनं मान डोलावत होते!

आणि राजेसाहेबांना हसू फुटलं. असं फुटलं की मुकुट एका कानावर आला आणि तो सरळ करायचं धाडस कुणाला होईना.

"हुकूम रद्द! बाबल चिताऱ्याला नदीकाठची जमीन इनाम! आणि हे तुला," बोटातली पाचूची अंगठी काढून ते म्हणाले. "आणखी काय हवं ते माग, पोरी!"

सगुणानं अंगठी बोटात घालून पाहिली. थोडी सैल होती.

"दिवाणजी संध्याकाळचे द्या, महाराज. आमच्याकडे खेळायला एक गडी कमी पडतो."

"दिले! आणि मी आलो तर?"

"या की! करवंट्या पुष्कळ आहेत!"