बेलडोहचा डावा हात

वऱ्हाडातल्या छोट्या लाइनीवर बेलडोह नावाचे स्टेशन आहे. एक दगडी खोली, एक निंब, गंजलेली पाण्याची टाकी आणि दिवसातून दोन गाड्या; सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परतणारी. फलाटाच्या टोकाला एक उभा दगड आहे. त्याला शेंदूर नाही. त्याला फूल वाहायचे ते डाव्या हाताने. नवखा माणूस सवयीने उजवा हात पुढे करतो, आणि तुळशीरामजी बोरकुटे त्याला अडवतात.

"थांबा जी. पाहुणे दिसता. हात बदला."

तुळशीरामजी इथेच पोर्टर होते. नोकरी संपली तरी दोन्ही गाड्यांना हजर असतात. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी.

इथून कापसाच्या गाठी जात, त्या काळची गोष्ट. किसन डाखोरे नावाचा सांधेवाला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, स्टेशनात होता. लाइन एकेरी. गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला एक पोलादी गोळा देत. चामड्याच्या पिशवीतला, वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेला. तो हाती आल्याशिवाय पुढे इंजिन घालायचे नाही, असा नियम. न थांबणारी गाडी स्टेशनात हळू होई, किसन ते कडे उंच धरी, आणि ड्रायव्हर चालत्या इंजिनातून ते उचली.

किसन डावखुरा होता. पहिल्याच दिवशी त्याने कडे डाव्या हाताने धरले, तेव्हा मन्नूखाँ ड्रायव्हरने गाडीच उभी केली, म्हणे.

"ए डाव्या! उलट्या हाताचं पानसुद्धा खात नाही मी. हा तर गाडीभर माणसांचा जीव आहे. सीधा हात कर!"

किसनने हात बदलला. सगळी गाडी हसली. 'डाव्या' हे नाव मात्र चिकटले. त्याची बायको पार्बतासुद्धा भाकर वाढताना म्हणे, "हात पाहून जेवा. नाही तं मन्नूभाऊ येऊन ताट काढून घेतील."

पुढे एका पौषात जत्रेची खास गाडी निघाली. ड्रायव्हर मन्नूखाँच होता, आणि ती बेलडोहला थांबणार नव्हती. गाडीत अंगावर सोने घातलेल्या बाया होत्या, त्यांच्या कडेवर लेकरे होती. दरोडेखोरांनी नाल्याच्या पुलावरचा रूळ उखडला आणि त्यांच्यातले चौघे स्टेशनात आले. स्टेशनमास्तरकडून गोळा काढून घेतला आणि मग त्याला टेबलाशीच कुऱ्हाडीने तोडले. रक्त उंबऱ्यावरून फलाटावर आले. पार्बताला निंबाखाली बसवून तिच्या गळ्याला विळा लावला.

"गोळा रोजच्यासारखा द्यायचा. गाडी थांबली तं ही गेली."

शिट्टी झाली. किसनने कडे उजव्या हाताने उंच धरले. शेजारी उभ्या दरोडेखोराच्या कुऱ्हाडीला मास्तरचे केस चिकटले होते. खिडक्यांतून लेकरे हात हलवत होती. ओरडून उपयोग नव्हता. इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू जात नसे. किसनने पार्बताकडे पाहिले. तिने मान हलवली, असे सांगतात. कोणी म्हणतात, गळ्याला विळा असताना मान कशी हलेल? तुळशीरामजी या वादात पडत नाहीत.

किसनने हात बदलला.

दरोडेखोराला त्यात काहीच दिसले नाही. त्याच्या लेखी हात तो हात. मन्नूखाँने मात्र पुढे केलेला हात मागे घेतला, ब्रेक लावला आणि शिव्या देतच खाली उतरला.

"पुलावर रूळ नाही!" किसन ओरडला.

विळा फिरला. कुऱ्हाड किसनच्या पाठीत रुतली. मग जत्रेची माणसे गाडीतून उतरली आणि त्यांनी रुळांमधले गिट्टीचे दगड उचलले. चौघांपैकी एकही जिवंत राहिला नाही. एकाने हात जोडले होते. त्याला जोडल्या हातांनिशी ठेचले. तो बेलडोहचाच निघाला. चेहरा उरला नव्हता. आईने त्याला पायातल्या जोड्यावरून ओळखले.

"मारणारे देवालेच चालले होते," एवढेच तुळशीरामजी म्हणतात.

किसन वाचला. जखम भरल्यावर कामावर आला. पहिल्या गाडीला त्याने कडे उजव्या हाताने धरले आणि डावा पाठीमागे लपवला. त्या दिवसापासून तो हात त्याने कशालाच लावला नव्हता, म्हणे. मन्नूखाँने गोळा घेतला नाही. गाडी उभी केली, खाली आला आणि तो हात धरून पुढे ओढला.

"याच हातानं दे, भाऊ."

"यानं पार्बताले मारलं."

मन्नूखाँने गाडीकडे बोट दाखवले. खिडक्यांत बाया होत्या, लेकरे होती. "अन् हे?" तो म्हणाला. "सीध्या हाताचा इथं मी घेणार नाही. मरेस्तोवर नाही."

गाडी बराच वेळ उभी होती. या वेळी कोणी हसले नाही. शेवटी किसनने हात बदलला.

दगड पार्बताचा आहे. लोक शेंदूर घेऊन आले, तेव्हा किसनने त्यांना परत पाठवले. "देवी करू नका तिले. माही बायको होती."

गोळा आता गेला, नियम बदलले. पण आजही संध्याकाळची गाडी सुटताना ड्रायव्हर डावा हात खिडकीबाहेर काढतो, आणि फलाटावर जो असेल तो डाव्या हाताने त्यावर काहीतरी ठेवतो. फूल, चिंच, काहीही. रिकाम्या हाताने गाडी पुलाकडे जात नाही. आम्ही गेलो त्या दिवशी तुळशीरामजींनी खिशातली दोन बोरे ठेवली. ड्रायव्हरने मूठ मिटली, आणि गाडी पुलावर गेली.